हिरव्या काडीची फारकत

ता. १४ मार्च १९४४, मंगळवार. मुक्काम हसनाबाद, तालुका भोकरदन. सकाळी शेळीचे दूध काढले. सोनूबाई कालपासून भोकरदनला मावशीकडे आहे. लिहायला बसलो, उठलो, ओसरीवर फेऱ्या मारल्या, पुन्हा बसलो.

मी धर्मराज वल्द तुळशीराम, वय बावन्न, धंदा शिंपीकाम, हे माझ्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. झोप नाही एवढेच. कोणी दटावून किंवा भुलवून लिहून घेतलेले नाही. माझी बायको गोजरबाई पौषात वारली. तिच्यामागे हे लिहिणे का भाग पडले ते आधी सांगतो, म्हणजे पुढची कलमे कळतील.

गोजरबाईचे पहिले लग्न मंठ्याच्या भुजंगशी झाले होते. तो मारायचा. आमच्या जातीत पंचांसमोर वाळकी काडी मोडली की फारकत होते आणि बाईला पाट, म्हणजे दुसरे लग्न, लावता येतो. यांची काडी भर श्रावणात मोडायची ठरली. सगळे भिजलेले, वाळकी काडी सापडेना. एका पंचाने बांधावरचा ज्वारीचा हिरवा धांडा उपटून दोघांच्या हातात दिला. पुढे आमचा पाट लागला, सोनूबाई झाली. भुजंगनेही दुसरी बायको केली.

गोजरबाईच्या तेराव्याला तो दारात आला आणि चारचौघांत म्हणाला, "काडी मोडलीच न्हाई, नुस्ती वाकली व्हती. बाई मरस्तोवर माझीच. पोरगी बी माझी. तिचं लगीन म्या लावणार." गोजरबाईच्या बापाने तिला दिलेल्या मळ्यावर त्याचा डोळा आहे, हे शेंबड्या पोरालाही कळते.

मी वकील शोधायला निघालो. पहिले वकील म्हणाले, "हिंदूंत फारकत नाहीच. लग्न झालं ते झालं." तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. मेहुणी नंदाबाई मला म्हणाली, "भाऊजी, सदरा फाटला तर लोहाराकडं जाता का? आपला रिवाज कळणारा वकील बघा ना." मग जालन्याला महेमूद वकीलसाहेबांकडे गेलो.

मी विचारले, बाई स्वतः फारकत मागू शकते का? कागद लागतो का? मूल कोणाचे?

ते म्हणाले, "तुमच्या जातीत रिवाज आहे ना? मंग मागू शकते. कागद असता तर बरं झालं असतं. न्हाई तर गवाह आणा. फारकत बराबर ठरली की पाट खरा, अन् पोरगी तुमची. भुजंगला तर म्या पहिलं हेच विचारीन, बायको तुझी होती तर इतकी वर्षं कुठं होतास?" मग गंभीर झाले. "पण मास्तर, मुकदमा लांबंल. मधीच तुमचं काही झालं तर पोरगी त्याच्या हाती जाईल. जल्दी मृत्युपत्र करा."

पंचांपैकी एकटा कचरू जिवंत आहे. त्याला काही आठवत नाही, आणि भुजंगकडे जेवून आला की आणखीच आठवत नाही. उरली शेजारची अकबरबी. तिच्याच बांधावर हे घडले होते. ती म्हणाली, "म्या पाह्यलं ना भाऊ. हिरवा धांडा, तो कसा मोडंल? लचकला नुस्ता. पंच म्हणले झालं, अन् उठले. मंग गोजरनं उचलला, दातानं कचकन तोडला, अन् अर्धा त्याच्या अंगावर फेकला. म्हणली, घे, तुझा तुला."

गोजरबाईने हे मला कधी सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते. वकीलसाहेब म्हणाले, "बिलकुल असंच सांगायला लावा."

कलम १. राहते घर मी स्वतः बांधले आहे. ते सोनूबाईला. वकीलसाहेबांनी बजावले आहे की नुसते 'माझी मुलगी' लिहू नका. कोर्टाने मुलगी मानले नाही तर कलमच गळेल. 'ठरो वा न ठरो' असे लिहा. हे शब्द मी सकाळपासून टाळतो आहे. आता लिहितो. याच घरात जन्मलेली सोनूबाई, वय तेरा, कोर्टात माझी मुलगी ठरो वा न ठरो, घर तिचेच. ती माझी मुलगी आहे.

कलम २. मळा गोजरबाईचा, माझा नाही, म्हणून मी तो कोणाला देऊ शकत नाही. आईमागे तो मुलीचा, असे वकीलसाहेब म्हणतात. भुजंगने त्यातले एक तणही कधी उपटलेले नाही.

कलम ३. सोनूबाई सज्ञान होईपर्यंत पालक नंदाबाई. मुलीचे लग्न मुलीला विचारून करावे. पुढे पटले नाही तर काडी वाळकी घ्यावी, आणि कागदही करावा.

कलम ४. शिवणाचे मशीन सोनूबाईला. मोठी कात्री भावकीतल्या रामकिसनने दिवाळीत नेली. मागितली की उद्या म्हणतो. तीही सोनूबाईची. रामकिसनला माझ्या तिरडीला खांदा द्यायचा असेल तर आधी कात्री आणावी.

शेळी अकबरबीला देणार होतो. पण जिला काही मिळते तिची साक्ष नको, असे वकीलसाहेब म्हणाले. तिला सांगितले तर म्हणाली, "शेळी राहू दे भाऊ. अंगठा कुठं लावू ते सांग." म्हणून शेळी नंदाबाईला.

भुजंगला काही नाही. त्याची अर्धी काडी त्याला त्याच दिवशी मिळाली.

वरील सर्व वाचून दाखवले, ते ऐकून साक्ष दिली:
अकबरबी जौजे महेबूब, अंगठा
कारभारी वल्द सखाराम, सही
लिहिणार व देणार: धर्मराज वल्द तुळशीराम, सही
हसनाबाद, ता. १४ मार्च १९४४

साक्षीदार गेले. शाई वाळेपर्यंत कागद उघडा ठेवला आहे. अकबरबीच्या नवऱ्याच्या, महेबूबच्या, सदऱ्याची बटणे राहिली होती; ते काम गोजरबाईचे. सुईत दोरा ओवला आणि लावली. कात्री नव्हती. दोरा दाताने तोडला.