चष्म्याला दिलेली माती

४ मार्च
शाळेतल्या निर्वासित छावणीत जागा मिळाली. सहावीचा वर्ग, अकरा माणसं, फळ्यावर अजून अपूर्णांक. नावं लिहून घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "सोबत कोण?" म्हटलं, आई होती. वाटेत तोफगोळा पडला, त्यात गेली. बाईंनी मान खाली घातली आणि माझ्या नावापुढे एक पांघरूण जास्तीचं लिहिलं. वीस वर्षं लोकांच्या खोटेपणावर सदर लिहून पोट भरलं. माझं स्वतःचं खोटं इतकं बिनबोभाट खपेल असं वाटलं नव्हतं.

५ मार्च
पांघरूण उबदार आहे. झोप नाही.

७ मार्च
बाकांच्या पलीकडे राहणारा शिंपी म्हणजे इथला अंत्यविधी खात्याचा मंत्री. रीत त्यानेच पाडली – प्रेत मागे राहिलं असेल तर त्या माणसाची एखादी वस्तू पांढऱ्या कापडात शिवायची, मैदानामागे पुरायची, सगळ्यांनी मूठमूठ माती टाकायची. "लेखकसाहेब, आईंचं काही आहे का हो तुमच्याकडे?" नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हाताने खिशातून चष्मा काढून दिला. त्याने काच डोळ्यांपुढे धरली. "बापरे, केवढा नंबर! याच्याशिवाय त्यांना काय दिसत असेल?"

८ मार्च
माती दिली. सगळी शाळा जमली. स्वयंपाकघरातल्या मावशींनी माझ्या आईला कधी पाहिलेलं नाही, पण हमसून हमसून रडल्या. "माझ्या आईसाठी रडायला वेळच नव्हता, आज दोघींचं रडून घेतलं." मला चार शब्द बोलायला लावलं. फार छान बोललो – तीच तर लाज. मध्ये एक विनोदही केला. लोक डोळे पुसत हसले.

११ मार्च
निदान इथे तरी खरं लिहावं. गोळाबिळा काही पडला नाही. चष्म्याचा स्क्रू आवळायला तिने माझ्याकडे दिला होता. गाव सोडणारी बस दारासमोर, इंजिन सुरू. "थांबव हं जरा, गॅस बंद केलाय का बघून येते." आणि भिंत चाचपत आत गेली. ड्रायव्हरने विचारलं, "कुणी राहिलंय का?" मी खिडकीबाहेर बघत बसलो. घाबरलो होतो. याहून भारदस्त कारण सापडत नाही.

१४ मार्च
शिंपी रोज संध्याकाळी शेजारी येऊन बसतो. घरचं माणूस गेलेल्याला एकटं सोडायचं नाही, ही त्याची दुसरी रीत. मी गप्प. त्याला ते दुःख वाटतं.

१९ मार्च
दुपारी नवी बस आली. एक म्हातारी दांडा धरून, पायाने जमीन शोधत उतरली. समोर मीच. माझी बाही धरून म्हणाली, "अहो, माझा मुलगा इथे आहे का, जरा बघाल? मला दिसत नाही हो. चष्मा त्याच्याकडे राहिलाय – बिचारा काळजीत असेल."
ती अजून फाटकाशी बसली आहे. मी एक शब्द बोललेलो नाही. आवाज ती ओळखेल.