शेपरच्या टेबलाला चार भोकं

व्हिरोक्वा, विस्कॉन्सिन
३ मार्च १९९४

ती. आर्डिसताईस,
सा. न. वि. वि.

इकडे बर्फ वितळतोय, गॅरेजमध्ये पाणी शिरतंय आणि माझ्या घरात काहीतरी शिजतंय. चुलीवर नव्हे.

कोरिन म्हणजे पावाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणारी बाई, हे तुला वेगळं सांगायला नको. माझ्या या बायकोने गेल्या आठवड्यात जेवताना शेपरला फीडर घ्यायची टूम काढली. मी घास गिळायचा विसरलो. शेपरच्या टेबलातून वर आलेल्या त्या फिरत्या पात्याला इतकी वर्षं मी हाताने लाकूड भरवतोय. आता म्हणे ते काम मोटारीवर फिरणाऱ्या रबरी चाकांनी करायचं! बरं, मी आपला एक हलका फीडर दाखवला, शिकंज्याने कडेला अडकवायचा. तर बाईसाहेब म्हणतात, छे, मोठाच घ्या. मोठा म्हणजे उचलायला दोन माणसं, आणि बसवायला माझ्या बिडाच्या टेबलाला चार भोकं. आरशासारखं टेबल आहे ते!

शुक्रवारी चर्चमधलं मासळीचं जेवण आटपून लवकर परतलो, तर एक अनोळखी माणूस ते टेबल टेपने मोजत होता. मला बघून त्याने टेप मिटली. कोरिन म्हणाली, हवा काय छान पडलीय. बाहेर चिखल!

माझा संशय सांगतो. हिला सगळा कारखाना विकून ॲरिझोनात बहिणीशेजारी राहायचंय. फीडरसकट शेपर असला की गिऱ्हाईक धावत येतं. आमच्या लेकीच्या, टेसच्या, स्वयंपाकघराची दारं मी करतोय, ती झाली की बापाला वाळवंटात नेऊन पत्ते खेळायला बसवणार. तू जरा वास काढ. फोन नको, ती जवळच असते.

लोभ आहेच, या वेळी थोडा पक्षपातही असू दे.

तुझा
वर्लिन

---

डेकोरा, आयोवा
८ मार्च

चि. वर्लिनास,
अ. उ. आ.

पत्र पावलं. वाचायला मात्र शेजारच्या ऑर्लिनचं भिंग आणावं लागलं. हल्ली चालत्या ट्रॅक्टरवर बसून लिहितोस का?

ॲरिझोनाचं म्हणशील, तर कोरिनला विकायचंच असतं तर तिने आधी तुला विकलं असतं. पण फीडर लावूनही तुला कोण घेणार?

भिंग मागायला गेले तेव्हा ऑर्लिनला फीडरचंही विचारलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हलका फीडर ओक लाकूड पाहिलं की उड्या मारतो. दारांच्या तुकड्यांना तीन चाकं पुष्कळ झाली, पण फीडरचं धड वजनदार हवं आणि बोल्टने आवळलेलं हवं. मोटार घरातल्या साध्या विजेवर चालणारी घे. चाकं गाईडपट्टीकडे किंचित तिरकी लाव, म्हणजे लाकूड पट्टीला चिकटून जातं. अगदी सरळ लावलीस तर ते भरकटतं. त्याला स्वतःचा एक जुना फीडर विकायचा आहे, तेव्हा हे सगळं निम्म्याने धर.

पण मला संशय येतोय तो तुझाच. नवं हत्यार दिसलं की लाळ गाळणारा माणूस या वेळी बायको आग्रह करते तर पाय का मागे घेतोय? मी कोरिनला लिहितेय.

आशीर्वाद आहेत, अक्कल तुझी तू आण.

आर्डिस

---

व्हिरोक्वा
१२ मार्च

ती. आर्डिसवन्सं यांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तुमच्या भावाचा उजवा हात थरथरतो. नाताळच्याही आधीपासून. कॉफीचा कप हे आता अर्धाच भरून मागतात. म्हणतात, कॉफी कमी केलीय. मग तीनदा मागतात. गेल्या महिन्यात शेपरवर लाकूड उसळलं आणि अंगठ्याचं साल गेलं. मी विचारलं, तर म्हणाले, पट्टीवरच्या खिळ्याने ओरखडलं. त्या पट्टीला खिळाच नाही.

मी काय बोलणार? आमच्याकडे छप्पर पेटलं तरी आज जरा उकडतंय म्हणतात. काम बंद करा म्हटलं तर करतील, आणि खुर्चीत बसून संपतील. म्हणून फीडर. पात्याजवळ हात जायलाच नको. तो माणूस भोकांची जागा मोजायला आला होता. ह्यांना वाटलं, गिऱ्हाईकच. वाटू दिलं.

मोठाच फीडर घ्यायचं तुम्ही त्यांच्या मनात भरवा. हाताचं मात्र काढू नका.

तुमचा लोभ आहे म्हणूनच हे लिहायचं धाडस केलं.

तुमची
कोरिन

---

डेकोरा
१६ मार्च

चि. वर्लिनास,
अ. उ. आ.

चौकशी केली. ॲरिझोना नाही, गिऱ्हाईक नाही. काय आहे ते मी सांगणार नाही, शब्द दिलाय. तू कोरिनला समोर बसून विचार, मोठाच का. आणि विचारताना दोन्ही हात टेबलावर ठेव.

आर्डिस

---

व्हिरोक्वा
२ एप्रिल

ती. आर्डिसताईस,
सा. न. वि. वि.

तू फार वाईट बाई आहेस.

रविवारी जेवताना हात टेबलावर ठेवले आणि विचारलं. उजव्या हाताखालचा काटा बशीवर वाजत राहिला. आम्ही दोघं त्याच्याकडे न बघता बटाट्यांकडे बघत होतो. मग तिने तो हात आपल्या हाताखाली घेतला आणि म्हणाली, की बटाटे यंदा बरे निघालेत. मी हो म्हटलं.

तीन चाकांचा घेतला, वजनदार. खुणा मी केल्या. ड्रिल धरताना म्हणालो, आज पाठ दुखतेय. ती म्हणाली, दुखणारच. आणि चारही भोकं तिनेच पाडली. एवढी सरळ भोकं मीही कधी पाडली नाहीत. आधी कुठेतरी सराव केला असणार, असा मला संशय आहे. आता लाकूड आपलं आपण जातं, मी पलीकडे उभा राहून झेलतो. टेसची दारं होत आली.

पाठीसाठी कोरिनने ला क्रॉस शहरातल्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, गुरुवारची. मी चौकशी केली, तर तो मेंदूचा डॉक्टर निघाला. पाठीला मेंदूवाला कशाला, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, पाठ वरूनच सुरू होते ना.

मला पटलं. जातोय.

लोभ वाढवू नकोस, आहे तेवढा पुरवून वापर.

तुझा
वर्लिन