दहा मिनिटं तोंड बंद

८ डिसेंबर, सकाळी ९
साताऱ्याच्या व्यसनमुक्ती सेंटरात पहिला दिवस. मी व्यसनी न्हाई, हे आधी लिहून ठेवतो. कुस्तीत पाठ गेली, डॉक्टरनंच पेनकिलर दिली, ती जरा वाढली. दिवसाला वीस. बायकोला, शिवांजलीला, पिठाच्या डब्यात स्ट्रिपा सापडल्या आन ती लोणंदला माहेरी गेली. महिनाभर रोज औषध घेतलं असा सेंटरातनं फोन आला तरच येईन म्हणाली. महिना कशाला? बावीस वर्षं कुस्तीचा निवेदक हाय मी. पंधरा दिवसांत चितपट.

१० डिसेंबर
इथली औषधाची गोळी जिभेखाली ठेवायची. विरघळेस्तोवर दहा मिनिटं तोंड बंद. गिळली तर लागू पडत न्हाई म्हणे. शेजारी जयराज, ट्रक ड्रायव्हर, पार खचलेला. त्याला धीर द्यायला एकच वाक्य बोललो. गोळी पोटात. प्रियदर्शनी सिस्टर ओरडल्या. म्हणालो, आवं, पोटात गेली तरी औषधच की!

१३ डिसेंबर
सहापैकी चार गिळल्या. अंग मोडून येतंय, नाक गळतंय, जांभयांवर जांभया. औषधात दम न्हाई, तसं डॉक्टरांना तोंडावर सांगितलं. म्हणाले, औषधात हाय, तुमच्या तोंडात जास्त हाय. ही काय बोलायची पद्धत?

२८ डिसेंबर
पंधरा दिवस तोंड बंद. कसे काढले माझं मला ठाऊक. पाठ शांत, झोप लागती, भाकरी गोड लागती. म्हंजी बरा झालो! डॉक्टर म्हणतात, गोळीमुळंच बरं वाटतंय, मनानं बंद करू नका. ह्यांना पेशंट सोडवत न्हाई.

२ जानेवारी
गोळी बंद. सेंटरला सांगितलं, पाहुण्यात बारसं हाय. परवा औंधचं कुस्त्यांचं मैदान, निवेदन माझं. शिवांजलीला बिनगोळीचा नवरा दाखवणार.

४ जानेवारी, सकाळी
थंडी वाजती. पौष हाय. घाम कशाचा येतोय ते नंतर बघू.

५ जानेवारी
काल फायनल. वीरधवल पैलवानानं ढाक डाव टाकून समोरच्याला पाडलं आन मला जांभई आली. माईकवर. ओळीनं नऊ. नाक पुसत विजयी म्हणून नाव पुकारलं, ते पडलेल्या गड्याचं! वीरधवलचा बाप आप्पासाहेब, त्यानं माईक हिसकावून घेतला. सगळं युट्युबवर लाईव्ह. चूक साऊंडवाल्याची, माईक लय जवळ लावला.

खिशात पेनकिलरची जुनी एक स्ट्रिप सापडली. घेतली न्हाई. दोनच घेतल्या.

८ जानेवारी
परत सेंटर. सिस्टरनी गोळी दिली. तोंड बंद केलं तोवर शिवांजली समोर येऊन बसली. सिस्टरनीच फोन केलेला. ती बोलायला लागली. म्हणाली, सहा वर्षं तुमी झोपला की मी नाकापाशी हात धरून बघायचे, श्वास चालू हाय का. भांडत न्हवती, रडत न्हवती, नुसती सांगत होती. मधेच मी मान हलवली, सिस्टरनी ओठांवर बोट ठेवलं.

दहा मिनिटं झाली. सिस्टरनी जीभ उचलून बघितली, म्हणाल्या, विरघळली, बोला आता.

शिवांजली थांबली होती. मला एक वाक्य सुचंना.