दोन बोटं

शिरोडा, मंगळवार संध्याकाळ

आज पंचायतीत बुडालेल्याला वाचवायला शिकवलं. मोठ्यांची छाती दोन्ही हातांनी दाबायची, मुलांची एका तळहाताने, तान्ह्यांची फक्त दोन बोटांनी. मध्ये तोंडाने श्वास द्यायचा. पोट दाबून पाणी काढत बसायचं नाही.

घरी हे सांगितलं तर सासूबाई हसल्याच. "अगो, तुझो घोव ल्हानपणी खाडीत पडललो. मी तेका उलटो धरून गरगर फिरवलंय, म्हणान आज तो आसा!"

नवरा समोरच माशाची कढी भुरकत होता, चांगला धडधाकट. मग खरं कुणाचं?

बाळ पाळण्यात झोपलंय. दोन बोटं त्याच्या छातीवर नुसती टेकवून बघितली. एवढीशी छाती. वेळ आलीच तर त्याला आधी कोण उचलेल? मी, की त्या?