साडेसात बादल्या

सोमवार, ६ मे

फायबरचा! बिल्डरचा माणूस आज आमच्या ओसरीवर बसून, माझ्याच कपातला चहा पीत म्हणाला, "मॅडम, आम्ही सेम टू सेम फायबरचा क्रूस बनवून देऊ. लॉबीत लावू. वजनाला हलका, आतून लाईट पण लागेल." मी विचारलं, तुमच्या आईच्या जागी सेम टू सेम फायबरची आई आणून बसवली तर चालेल का? चहा अर्धा टाकून गेला. कप मी दोनदा घासला.

हा क्रूस पणजोबांनी प्लेगच्या वर्षी उभारला. परळच्या आमच्या गावठाणात घरटी एक तरी माणूस गेलं होतं. जे उरले त्यांनी काळ्या दगडाचा हा क्रूस अंगणात रोवला आणि मेच्या शेवटच्या रविवारी त्याच्यासमोर लितानीची प्रार्थना म्हटली, उकडलेले चणे वाटले. तेव्हापासून एकही मे चुकलेला नाही. आता घर जाणार. चुलतभावांनी सह्या केल्या, शेवटची सही माझी. केली, नाकारत नाही. पण घर पंचवीसला रिकामं करायचं आहे आणि लितानी सव्वीसला! त्याआधी क्रूस माहीमला अँड्रियाच्या अंगणात उभा राहिला पाहिजे. अँड्रिया माझ्या धाकट्या भावाची मुलगी. मीसुद्धा तिच्याकडेच जाणार आहे, पण मला उचलायला क्रेन लागत नाही.

गुरुवार, ९ मे

तिसरा क्रेनवाला. गल्लीच्या तोंडाशी उभा राहून हसला. गल्ली साडेसहा फूट. "आत येणारच नाही मॅडम. दोन तुकडे करून नेऊ, तिकडे सिमेंटने चिकटवू." त्याला काय बोलले ते इथेही लिहिणार नाही. ही वही मी चौदाव्या वर्षापासून मराठीत लिहिते, कारण कॉन्व्हेंटच्या मदरना मराठी वाचता येत नव्हतं. पण वर जो वाचतो त्याला सगळ्या भाषा येतात.

शनिवार, ११ मे

अँड्रियाचा नवरा टेरेन्स याने लालबागचा एक पिकअपवाला पाठवला. नाव जयवंत, पन्नाशीचा, बरोबर बायको— कमल. दोघं मिळून धंदा करतात. गाडी पाहिली आणि टेरेन्सला फोन लावला: "मी दगडाचा अख्खा क्रूस म्हणाले होते, टोमॅटोची पाटी नव्हे!" एवढीशी गाडी! समोरून पाहिली तर हनुवटी नसलेल्या माणसासारखी दिसते.

जयवंतने ऐकलं, मनावर घेतलं नाही. चपला काढून क्रुसाभोवती दोन फेऱ्या मारल्या. बोटाच्या पेराने दगड वाजवला, कान लावला. मग म्हणाला, "सहाशे. थोडं वर."

काल मी टेप लावून, दगडाची घनता धरून, दोन पानं गणित केलं होतं. उत्तर सहाशे बारा. त्याला ते सांगितलं नाही. पण संध्याकाळपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

तडाही त्यानेच शोधला. क्रुसाच्या हातांखाली, मानेशी, केसाएवढा. मी शाळकरी असताना अंगणातल्या आंब्याची फांदी पडली होती, तिची करणी. म्हणजे हातांखाली दोर घालून लटकवला तर मान तुटणार. "याला फक्त पायाखालून धरायचा," तो म्हणाला.

मी लगेच पकडलं. "पायाखाली पट्टे घालून खड्ड्यात उतरवलात, तर पट्टे काढणार कसे? वर सहाशे किलो!"

"बर्फावर."

मला वाटलं चेष्टा करतोय. तो म्हणाला, खड्डा बर्फाच्या लादीने काठोकाठ भरायचा. क्रूस बर्फावर उभा करायचा. पट्टे ओढून काढायचे. मग बर्फ वितळत जाईल, तसा तो आपोआप खाली जाऊन बसेल. "आमचे बाबा मिलमध्ये अख्खी मशीन अशी उतरवायचे."

"आणि तुम्ही?"

"मी त्यांचाच मुलगा ना, मॅडम."

बर्फ! चौतीस वर्षं मुलींना फिजिक्स शिकवलं मी. चौतीस वर्षं! आणि हे मला सुचलं नाही.

मंगळवार, १४ मे

रोज संध्याकाळी तड्यावर बोट फिरवून पाहते. आहे तेवढाच आहे. एवढ्या वर्षांत वाढला नाही, तो माझ्या काळजीने आठवड्यात वाढणार होता का?

शुक्रवार, १७ मे

माहीमला जाऊन आले. चौथरा तयार. मधोमध चौकोनी खड्डा, फूटभर खोल, क्रुसाच्या पायाहून चारी बाजूंनी बोटभर रुंद. पाणी जायला तळाशी भोकही ठेवलंय. जयवंत येऊन गवंड्याला सांगून गेला होता. मी भोक विचारायच्या तयारीनेच गेले होते, ते आधीच हजर! फार चिडचिड झाली.

क्रुसाचं तोंड पश्चिमेला हवं, परळला आहे तसं. मी होकायंत्र काढलं. अँड्रिया म्हणाली, "आन्टी, क्रूस आहे की डिश अँटेना?" टेरेन्स म्हणाला, "तुमच्या खोलीपेक्षा याचा पाया मजबूत केलाय, आता तरी या." विनोद करायची हौस आहे त्याला. येत काही नाही.

बुधवार, २२ मे

आज पाहिलं ते नीट लिहायला हवं.

सकाळी जयवंतच्या तीन माणसांनी क्रुसाचा पाय मोकळा केला. मग पाठीला डोक्यापासून पायापर्यंत जाड फळ्या बांधल्या, मोडलेल्या हाताला बांधतात तशा. म्हणजे मान वाकायलाच नको. डोक्यापासून एक दोर निघाला, आंब्याच्या खोडाला त्याचे तीन वेढे, आणि दोराचं टोक कमलच्या हातात. एकट्या कमलच्या! उंचीने ती माझ्या खांद्याला लागते.

मी ओरडलेच, "अहो, एवढ्या वजनाला ही एकटी बाई?"

कमल म्हणाली, "झाड धरतंय ओ बाई. मी नुसती त्याला सांगते, किती सोड."

तीन वेढ्यांत झाडाच्या सालीचं घर्षण किती पटीने ताण खातं, त्याचं सूत्र मला पाठ आहे. फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! पण ते सूत्र मला कधी चप्पल घालून, पदर खोचून उभं राहिलेलं दिसलं नव्हतं. ती बोटभर दोर सोडायची, क्रूस बोटभर कलायचा. पिकअप मागे-मागे येत होती. गाडीच्या फळीवर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे मागे. जयवंत आरशात बघतही नव्हता, नुसत्या थापा ऐकत होता. शेवटी क्रूस भुशाच्या पोत्यांवर असा टेकला, की पोत्यावरची मुंगी चालत राहिली. शपथेवर सांगते, मी ती मुंगी पाहिली.

गाडी मात्र कण्हली. मागून खाली बसली, चाकांवर चार बोटं जागा उरली. मी क्रुसाची खूण केली. कमलनेही क्रुसाच्या पायाला हात लावून तो कपाळाला लावला. "देवाला धक्का नाय लागला," म्हणाली.

ज्या फांदीने तडा दिला, तिच्याच झाडाने आज त्याला धरलं. घर गेलं की ते झाडही जाईल. यावर अधिक लिहीत नाही.

गुरुवार, २३ मे

सहाला निघालो. मी पुढे, जयवंतच्या शेजारी. मागे पोत्यांवर कमल, क्रुसाचा पाय धरून, जशी अॅम्ब्युलन्समध्ये घरची बाई बसते. डॅशबोर्डवर स्टीलचा पेला, पाऊण भरलेला.

"पाणी प्यायला?"

"नाही, बघायला. हे हललं म्हणजे मागे देव हलला."

दादरचा पूल चढताना मी श्वास धरला होता. मागे बेस्टची बस हॉर्नवर हॉर्न मारत होती. मी खिडकीतून मान बाहेर काढून ड्रायव्हरला दोन शब्द सुनावले— इंग्रजीत, जास्त लागतात. जयवंत ब्रेकला पाय लावतच नव्हता. "ब्रेक मारला की मागचं पुढे येतं मॅडम. थांबायचं असेल तर आधीच थांबायला लागायचं." सिग्नल लाल होण्यापूर्वी त्याला कसा कळत होता, देव जाणे. मी न्यूटन शिकवला, हा माणूस न्यूटनवर जेवतो! माहीमला पोचलो तेव्हा पेल्यातला एक थेंब सांडला नव्हता. तो पेला त्याने उचलला आणि पिऊन टाकला.

अंगणात लोखंडी पाइपांवरून सरकवत क्रूस चौथऱ्याशी आला. खड्ड्यात बर्फ, पन्नास किलो, भुसा धुऊन, फटी न ठेवता रचलेला. मग क्रुसाच्या डोक्याचा दोर उंच लाकडी घोडीवरून बाहेर गल्लीत नेऊन पिकअपच्या हुकाला बांधला. एरवी गाडी जाते तिकडे ओझं जातं. इथे गाडी गल्लीत पुढे जात होती आणि ओझं अंगणात उठत होतं! आजारी माणूस हळूहळू बिछान्यात उठून बसतो, तसा. अँड्रिया रडायला लागली. मी नाही.

सव्वाअकराला क्रूस बर्फावर उभा. पट्टे निघाले, फळ्या निघाल्या. चार बाजूंना चार दोर: एक गाडीच्या हुकाला, एक कमलकडे, दोन माणसांकडे. वरून ओळंबा सोडलेला. जयवंत लोट्याने नळाचं पाणी फटीत चारी बाजूंनी सोडायला लागला. मी पायरीवर बसून वहीच्या मागच्या पानावर गणित केलं. बर्फाच्या ग्रॅमला ऐंशी कॅलरी. नळाचं पाणी तीस अंश. पन्नास किलोला एकशे तेहतीस लिटर. पंधरा लिटरच्या नऊ बादल्या.

"नऊ बादल्या लागतील," मी जाहीर केलं. टेरेन्स म्हणाला, "दहावी माझ्या डोक्यावर ओता, उकडतंय."

दीड वाजेपर्यंत पाच बादल्या गेल्या. क्रूस अर्धा खड्ड्यात. आवाज नाही! सहाशे किलो खाली येताहेत आणि आवाज नाही. फक्त भोकातून पाण्याची धार.

आणि तेवढ्यात ओळंब्याचा दोरा दगडापासून सुटला. अर्धं बोट. क्रूस पश्चिमेकडे कलत होता.

सगळ्यांनी दोर आवळले. जयवंतचा लोटा हवेतच थांबला. "वायच धर गो, सोडू नको," तो कमलला म्हणाला, पण नजर तड्यावर होती. दोराने जोर करून सरळ करायचा तर मान तुटेल. नाही करायचा तर कलता बसेल, आणि एकदा बसला की पुन्हा पट्टे घालायला वाट नाही. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याने लोटा खाली ठेवला.

मग मी चौथऱ्याला हात लावला. पश्चिमेची बाजू तव्यासारखी! सूर्य कलला होता. ऊन त्या बाजूचा बर्फ जास्त भराभर खात होतं. एवढंच! आठवीच्या मुलीलाही कळावं.

"पश्चिमेला पाणी बंद! फक्त पूर्वेकडे ओता. अँड्रिया, गोणपाट भिजवून आण, या बाजूला टाक. माझी छत्री कुठाय?"

जयवंत म्हणाला, "मिस, नक्की ना?" मॅडमची मिस केव्हा झाले कोण जाणे.

"चौतीस वर्षं शिकवलंय मी हे."

त्याने लोटा उचलला. पूर्वेकडून लोटा-लोटा पाणी. मी पश्चिमेला छत्री धरून उभी. वय बहात्तर, गुडघे त्याहून मोठे. अँड्रिया म्हणाली, आन्टी द्या, मी धरते. मी म्हणाले, तू वाकडी धरशील. वीस मिनिटं दोरा हलला नाही. मग कणभर. मग आणखी कणभर. मग दोरा परत दगडाला येऊन टेकला, जसं काही झालंच नव्हतं.

चार वाजून दहा मिनिटांनी ठक्. फार हलकं, ताटलीत चमचा ठेवावा तसं. साडेसात बादल्या झाल्या होत्या. बाकीचं उन्हाने केलं.

जयवंतने ओळंबा चारी बाजूंनी लावून पाहिला आणि छत्री माझ्या हातातून काढून घेऊन मिटली. माझी बोटं उघडत नव्हती. मी इतकी वर्षं देवाकडे फक्त मागत आले. आज नुसतं बघितलं.

रविवार, २६ मे

लितानी झाली. परळचे अकरा जण आले. जयवंत आणि कमल मागे उभे राहिले, चणे मागून घेतले. सगळे जण क्रूस किती सरळ बसलाय म्हणाले. किती! अरे, तंतोतंत!

मंगळवार, २८ मे

कमल चण्यांचा डबा परत द्यायला आली. रिकामा नाही, त्यात ओल्या नारळाच्या करंज्या. बसली, चहा घेतला, आणि जाता जाता पायरीवर थांबून म्हणाली, "मिस, एक सांगू? रागवू नका. बर्फावर ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच बसवलं हो. बाबांकडून नुसतं ऐकलेलं. तीन दिवस धड जेवले नव्हते. दोरा सुटला तेव्हा पुढचं काहीच ठाऊक नव्हतं त्यांना. घरी येऊन म्हणाले, मिसना माहीत होतं म्हणून वाचलो."

मी रागावले नाही. तिला काही सांगितलंही नाही. इथे लिहिते. शाळेच्या लॅबमध्ये फ्रिज नव्हता. चौतीस वर्षांत मी वर्गात एकदाही बर्फ आणला नाही. दर वर्षी फळ्यावर खडूने एक चौकोन काढायचे आणि म्हणायचे, मुलींनो, हा बर्फ समजा.