मिस्त्रींनी न खोललेला स्लॅब

अप्पा, वळसंगच्या अलीकडे मी शाळेची इमारत बांधत होतो, ती पूर्ण झाली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काम संपलं की आधी तुम्हालाच सांगावंसं वाटतं. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून निवांत लिहितोय. परवा संस्थेच्या सचिवांनी भाषणात या कामाला ‘शाश्वत बांधकाम’ म्हटलं. तुम्ही मागच्या रांगेतून म्हणाला असता, “टिकाऊ म्हण की सरळ.” विटा वीजकेंद्राच्या राखेच्या आहेत, गच्चीवरचं पाणी जमिनीत मुरवलंय, स्लॅबवर मारायला शुद्ध केलेलं सांडपाणी आणलं, जुन्या वर्गांचा राडारोडा भरावात जिरवला. साथीत रखडलेलं काम वेळेत उभं केलं म्हणून मला शाल दिली. टाळ्या पडत होत्या आणि मला आपले सेंट्रिंग मिस्त्री आठवत होते. अंगावरची शाल टोचायला लागली.

तुमच्याच हाताखाली ते तयार झाले. तुमच्यामागे स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू उभे करायला मला दुसरं कुणी चाललंच नाही. या शाळेचा मोठा स्लॅब त्यांनीच बांधला, आम्ही तो भरला, गूळखोबरं वाटलं, आणि थोड्याच दिवसांत, टेकू काढायच्या आतच, टाळेबंदी लागली. त्यांची सगळी टोळी अक्कलकोटच्या पलीकडची. गाडी मिळेना, तशी बायकापोरांसकट चालत निघाली. जाताना मिस्त्री म्हणाले, “कुणाला हात लावू देऊ नका. मी येतो की खोलायला.” मी म्हटलं, या. ते आले नाहीत. गावीच त्या आजारात गेले. फोनवर बातमी ऐकली तेव्हा मी जेवत होतो; ताट तसंच ठेवून उठलो.

पुढे सगळं सुरू झालं, पण टोळी परत येईना. सचिव रोज विचारत, “दुसरी माणसं लावा ना! टेकूच तर काढायचेत.” त्यांचंही चूक नव्हतं. पोरं मंदिराच्या ओवरीत बसून शिकत होती, पावसाळ्याच्या आत वर्ग हवे होते. इंजिनियर म्हणून मलाही ठाऊक होतं की काँक्रीट केव्हाच पक्कं झालंय, कुणीही खोलावं. पण टेकूखालच्या पाचरीला हात लावायला गेलो की तुमच्या भवानी पेठेतल्या कामावरचा तो दिवस समोर उभा राहायचा. मी पुण्याहून कॉलेजच्या सुट्टीत तुमच्या कामावर आलोय. तुमच्याशी भांडून एक सेंट्रिंगवाला निघून गेलाय, त्याचा स्लॅब खोलायचा राहिलाय, आणि मी शहाणपणा करून हातोडी उचलतो. तुम्ही माझं मनगट धरता. “ठेव ती. ज्यानं बांधला त्यानं खोलायचा. भांडण माझ्याशी हाय त्याचं, स्लॅबशी न्हाय.” संध्याकाळी तुम्ही स्वतः त्याच्या दारात गेलात. आई चिडली होती. मलाही ते खुळेपणाचं वाटलं होतं. बांधणाऱ्यालाच भार कुठे बसलाय ते कळतं, असं तुम्ही सांगत होतात; आणि आपल्या हातचं काम खालून कसं उतरलं ते पहिल्यांदा बघायचा मान त्याचाच, असंही म्हणत होतात.

शेवटी मी मिस्त्रींच्या गावी गेलो. त्यांची बायको, आपली अक्का, ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मला ती अजूनही तम्माच म्हणते, कन्नडमधला धाकटा भाऊ. टोळीतली माणसं भिंतीला टेकून उभी होती. चालत आलेल्या त्या रस्त्याचा राग त्यांच्या डोळ्यांत होता आणि मला तो नाकारता येत नव्हता. मजुरी, राहायची पक्की खोली, आजारपणाचा खर्च, सगळं बोलून झालं. कुणी यायला तयार होईना. मग अक्कानं विचारलं, “ह्यांचा स्लॅब खोलला?”

“नाही. तसाच आहे.”

“एक बी टेकू काडला न्हाय?”

“नाही अक्का.”

ती त्या माणसांशी कन्नडमध्ये बराच वेळ बोलली. मला अर्धंमुर्धं कळलं. पुढच्या सोमवारी सगळे हजर होते, आणि त्यांच्याबरोबर ती.

पहिली पाचर तिनं ठोकली. मग टोळीनं मधल्यापासून कडेकडे टेकू उतरवत नेले. ओल खाऊन फुगलेल्या फळ्या कुरकुरत सुटल्या. खालून स्लॅब इतका साफ निघाला, अप्पा, की गिलावा करायला जीव होईना. अक्का मान वर करून बघत राहिली. मी तिच्याशेजारी उभा होतो आणि मला फार वाईट वाटत होतं, कारण हे बघायचं ज्याचं होतं तो नव्हता. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, “तुज्या अप्पांचा शेवटचा स्लॅब बी असाच ऱ्हायला हुता. ते गेले, तू पुण्याला परत गेलास, मग ह्यांनीच खोलला. दुसऱ्या कुणाला शिवू दिलं न्हाय. खोलून झाल्यावर तितंच खाली बसून लई रडले. तुला ठाव हाय न्हवं?”

मिस्त्रींबरोबर मी इतकी वर्षं काम केलं, एका डब्यात जेवलो. तुमचा तो स्लॅब कुठला, तो कुणी खोलला, खालून कसा निघाला, हे त्यांना एकदाही विचारलं नाही.

“ठाऊक आहे,” मी अक्काला म्हणालो.