‘येते’ म्हणून गेलेल्या ताईस

ती. ताईस,

नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण कंबर धरली आहे, तेव्हा उभ्या उभ्याच स्वीकार. भावोजींचे गुडघे कसे आहेत? तुझी साखर काय म्हणते? (गोळ्या वेळेवर घेते असं तू म्हणशील. घेत नाहीस हे मला माहीत आहे.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत. बरे म्हणजे आपले चालते-बोलते आहोत. तुझी भावजय बसल्या बसल्या झोपते, मी ऑफिसात फायलीवर डोकं ठेवून झोपतो आणि तुझी भाची, म्हणजे आमच्या बाईसाहेब, फारशा झोपतच नाहीत. त्यामुळे घरात कोणी ना कोणी सतत जागं असतं, चोराचिलटांची भीती उरलेली नाही.

आधीच सांगून टाकतो, काही मागायला हे पत्र लिहीत नाहीये. मागच्या खेपेला निघताना तू जे बोललीस आणि त्यावर मी जे बोललो, ते मी केव्हाच विसरलो (शब्द न् शब्द पाठ आहे, पण विसरलो). त्यासाठी प्रवासाची दगदग करून यायची मुळीच गरज नाही. फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र, एवढंच.

तर कंबर. ती धरली थेरपीच्या वर्गात. चष्म्याच्या दुकानावर एक खोली आहे, तिथे बाईसाहेबांसारखी चार पोरं येतात. चारचौघांत कसं बोलायचं, आपली पाळी येईपर्यंत कसं थांबायचं, कोणी नको म्हटलं तर काय करायचं, हे सगळं तिथे बारीक बारीक तुकडे करून शिकवतात. खुर्च्या पोरांच्या मापाच्या आहेत आणि आईबापांनाही त्यांच्यावरच बसावं लागतं. मी बसलो की गुडघे कानाला लागतात, आणि उठायची वेळ आली की थेरपीच्या बाई स्वतःच हात देतात. बाई वयानं लहान आहेत, पण आवाज कधी चढत नाही. माझा चढतो, म्हणून वर्ग मुलीचा असला तरी अभ्यास मलाच जास्त असतो.

पहिला अभ्यास असा, की घरात बोलायचं ते सरळ बोलायचं. ताई, आपण दिवसभर काय बोलतो हे मला या वयात कळलं. परवा मी बाईसाहेबांना म्हणालो, ‘हात धुऊन माझ्या मागे लागू नकोस.’ ती शांतपणे म्हणाली की तिनं हात धुतलेले नाहीत. मी जरा पाय मोकळे करून येतो म्हटलं, तर वाकून माझे पाय कोणी बांधलेत ते पाहिलं. ‘डोकं खाऊ नकोस’ तर आमच्याकडे कायमचं बंद झालं आहे, कारण त्यावर तिला खरोखर मळमळलं होतं. सगळ्यात वाईट झालं ते ‘बघू’. तुला ठाऊकच आहे, आपल्या घरात नाही म्हणायचं असलं की बघू म्हणतात, बाबांनी आपल्याला जन्मभर तेच ऐकवलं. मी बघू म्हटलं की ही खिडकीत जाऊन उभी राहते आणि बघते.

आता मुख्य गंमत ऐक. (गंमत आपली म्हणायची.) वर्गात एकदा ‘घरी पाहुणे आले’ असा खेळ होता आणि मला पाहुणा केलं होतं. मी दार वाजवायचं, पोरांनी या, बसा म्हणायचं, पाणी विचारायचं, पाच मिनिटं बोलायचं, मग मी निघायचं. सगळं झकास झालं. एका पोरानं मला पाणी दिलंसुद्धा, थोडं अंगावर, पण दिलं. मग मी रीतसर उठलो, ‘बरंय, येतो’ म्हणालो आणि बाहेर पडलो. माझं काम झालं होतं, सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हणून खाली जाऊन चहा घेतला. वर आलो तर चारही पोरं दाराशी उभी. बाई मागे उभ्या. कोणी जागचं हलायला तयार नाही, एक तर रडवेलं झालेलं. बाई म्हणाल्या, तुम्ही येतो म्हणालात ना, मग ती थांबली आहेत. आणि मला आत जाऊन पुन्हा त्या खुर्चीवर बसावं लागलं. त्याच वेळी कंबरेत कळ आली.

मग बाईंनाही प्रश्न पडला. ‘जातो’ म्हणायला शिकवावं, तर घरोघरी म्हातारी माणसं अंगावर येणार. पोरीनं निरोप घेताना ‘जाते’ म्हटलं की आपली मोठी मावशी कशी करवादायची, आठवतंय ना? आणि येतो म्हणजे जातो हे समजावून सांगायला मी बसलो, तर माझंच मला पटेना. शेवटी बाईंनी वेगळा उपाय काढला. पूर्वी कोणी येतो म्हणून गेलं की बाईसाहेब दारात बसायच्या, दार लावलं की किंकाळी. त्याऐवजी त्यांना एक शब्द शिकवला. कोणी येतो म्हणालं, की विचारायचं, ‘कधी?’ किती आठवडे घोटून घेतला तो एक शब्द, विचारू नकोस. ज्या दिवशी तिनं आपण होऊन, न रडता, दुधवाल्याला विचारलं, त्या दिवशी तुझी भावजय स्वयंपाकघरात जाऊन रडली. दुधवाला बिचारा म्हणाला, ‘उद्या, सहाला.’ आणि आला. त्याला काय, तो येतोच.

पण सगळे दुधवाले नसतात. नळवाला गेली दोन वर्षं ‘येतो उद्या’ म्हणून जात होता. बाईसाहेबांनी त्याची पिशवी धरली आणि विचारलं, कधी. त्यानं सुटका व्हावी म्हणून दहा वाजता म्हटलं. दुसऱ्या दिवशी दहाला तो खरंच आला, नळ दुरुस्त केला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, साहेब, रात्रभर ती पोरगी डोळ्यासमोर होती. आमचे मोठे साहेब मात्र तसे निघाले नाहीत. माझी बढती अडली आहे म्हणून मी त्यांना मुद्दाम घरी बोलावलं होतं. जाताना येतो म्हणाले, हिनं विचारलं, ते हसून म्हणाले, ‘गुरुवारी संध्याकाळी, बरं का बेटा.’ गुरुवारी संध्याकाळी ही बूट-मोजे घालून दारात. शेवटी मी साहेबांच्या घरी गेलो आणि बढतीचं बोलायचं सोडून, दोन मिनिटं आमच्या दारात उभे राहून जा म्हणून हातापाया पडलो. आले ते, पण लुंगीवर आणि भयंकर चिडून. बढतीचं आता मी काढत नाही.

तर असं सगळं चाललं आहे. एकंदरीत प्रगती आहे असं बाई म्हणतात. मीही म्हणतो. थकवा येतो, पण तो काय, तुलाही येतच असेल. बाकी ठीक. भावोजींना नमस्कार सांग. उत्तराची घाई नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्या भावजयीनं वाचलं आणि म्हणाली, इतकं लिहिलंत, त्यात लिहायचं तेवढं राहिलं. तेव्हा लिहितो. तू भांडून गेलीस, पण सवयीनं दारात ‘येते गं’ म्हणालीस. भांडण बाईसाहेबांना कळलं नव्हतं, ‘येते’ कळलं. तेव्हा तिला ‘कधी’ विचारता येत नव्हतं. आता येतं, तर तू समोर नाहीस, म्हणून मला विचारते. दुपारची गाडी येऊन गेली की रोज. बाईंचं म्हणणं, नाही येणार हे उत्तरही तिला चालेल, रडेल आणि मग सावरेल, पण उत्तर खरं हवं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, ताई. तोंडातून निघालं ‘रविवारी’.

ता. क. २. म्हणजे येत्या रविवारी. आत्यानं सांगितलंय का, असं तिनं विचारलं. मी हो म्हणालो. बाईंना हे अजून सांगितलेलं नाही, माझी हिंमत होत नाही.

ता. क. ३. ‘दोन महिने माझ्याकडे दे, सरळ करते’ असं तू त्या दिवशी म्हणालीस, त्याचं मला फार लागलं होतं. अजून लागतं. तू गेल्यावर ती आरशासमोर उभी राहून आपण कुठून वाकड्या आहोत ते बघत होती. हे तुला कधी सांगणार नव्हतो. पण आत्या हवी आहे ती तिला, आणि खरं सांगायचं तर मलाही बहीण हवी आहे. मी तुझ्या पोरांवरून बोललो ते चुकलंच माझं.

ता. क. ४. येणं जमणार नसेल, तर मला कळवू नकोस. मी समजून घेईन, मला सवय आहे, आणि मग तिच्यासाठी आणखी एक वार शोधून काढीन. फोन तिला कर. ती उचलेल, तिला येतं आता. आणि नाही म्हणायचं असेल तर ‘बघू’ म्हणू नकोस, नाही म्हण.